धावणाऱ्या मुलाचे मोजमाप

गोरेगाव पश्चिमेतील एखाद्या जुन्या इमारतीच्या जिन्यापाशी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आपण घटकाभर उभे राहिलो, तर दोन मुले एकामागून एक खाली उतरताना दिसावीत. पहिल्याच्या अंगावर स्वच्छ पांढरा पोशाख असतो, पाठीवर त्याच्या उंचीला न पेलणारी क्रिकेटची किटबॅग असते, आणि दरमहा फी भरून ज्या मैदानावर त्याचे नाव दाखल केलेले असते तेथे त्याला वेळेवर पोहोचविण्यासाठी त्याची आई रिक्षा थांबवून फाटकापाशी उभी असते. दुसऱ्याच्या पायांत साध्या चपला असतात, त्याही तो पटांगणाच्या कडेला काढून ठेवतो, आणि कोणीतरी पत्र्याचा डबा दूर भिरकावताच, ज्याच्यावर राज्य आले तो डबा आणावयास धावत असता, हा इमारतीमागे नाहीसा होतो. दोन तासांनी दोघेही घामाघूम होऊन परत येतात. या दोघांपैकी त्या संध्याकाळी अधिक हालचाल कोणाची झाली?

बहुतेक पालक पहिल्याचे नाव घेतील, कारण त्याच्या खेळाला शिक्षक आहे, वेळापत्रक आहे आणि पावतीही आहे. परंतु नेट्समध्ये वीस मुले आणि फलंदाजीच्या जागा दोन असा मामला असेल, तर आपली पाळी येईपर्यंत मुलाचा बराचसा वेळ उभे राहण्यात जातो. उलट डबा ऐसपैसमध्ये थांबून राहणे म्हणजे पकडले जाणेच असते. अमेरिकेतील सॅन डिएगो परिसरातील दोनशे मुलामुलींच्या सरावाचे यंत्राने मोजमाप करून २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे आढळले की, सरावाचा निम्म्याहून कमी वेळच खऱ्या श्रमाच्या हालचालीत खर्च होत होता. आणि मुलांना दिवसाला जी साठ मिनिटे हालचाल हवी, ती केवळ सरावातून पुरी करणारी मुले चारांत एक एवढीच निघाली. फुटबॉल खेळणाऱ्यांची स्थिती त्यातल्या त्यात बरी होती. बेसबॉल आणि सॉफ्टबॉल, म्हणजे आपल्या क्रिकेटचे जवळचे आप्त, मागे पडले होते.

याचा अर्थ क्रिकेटचे शिक्षण व्यर्थ आहे असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की, खेळ ही एक वस्तू आहे आणि हालचाल ही दुसरी. दोन्ही पुष्कळदा एकत्र नांदतात, म्हणून आपण त्यांना एकच मानतो. हा भेद ओळखून मुलांच्या हालचालीची, त्यांच्या खेळाची आणि त्यांच्या आरोग्यविषयक सवयींची मोजदाद करणारा विद्यार्थ्यांचा एक वर्ग आज विद्यापीठांतून तयार होत आहे. शारीरिक शिक्षण, सामाजिक वैद्यक, पोषणशास्त्र, मानसशास्त्र अशा निरनिराळ्या शाखांतून पदव्युत्तर अभ्यास करणारी ही तरुण मंडळी मैदानाच्या कडेला हातात तक्ता घेऊन उभी असतात, आणि ती तेथे नेमके काय करीत आहेत हे त्यांच्या घरच्यांनाही पुरतेपणी ठाऊक नसते.

मोजून पाहण्याची परंपरा

हे शास्त्र आपल्याकडे सर्वस्वी परके नाही. जगन्नाथ गणेश गुणे, जे पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने विख्यात झाले, त्यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उड्डियान आणि नौली या क्रियांच्या वेळी पोटात काय घडते हे क्ष-किरणांनी व दाबमापकाने तपासले, आणि नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाखाली उतरतो हे प्रयोगाने दाखविले. १९२४ साली लोणावळ्यास त्यांनी कैवल्यधाम स्थापिले व 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू करून आपले निष्कर्ष तक्त्यांसह लोकांपुढे मांडले. परंपरेने जे सांगितले ते श्रद्धेने आचरावे, परंतु त्याची प्रयोगाने खातरजमाही करून घ्यावी, ही त्यांची भूमिका होती. गोरेगावपासून दोन स्थानके पुढे, कांदिवलीस, मुंबई सरकारने १९३८ साली शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था काढली. तेव्हा आपल्या उपनगरांच्या या पट्ट्यात व्यायामाचा विचार सरकारी दप्तरी दाखल होऊन आता नव्वद वर्षे होत आली आहेत.

तथापि ज्या एका अभ्यासाने या विषयाला आजचे रूप दिले तो लंडनच्या लाल दुमजली बसगाड्यांत जन्माला आला. जेरी मॉरिस या वैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली असे दाखविले की, एकाच गाडीवर, एकाच पाळीत आणि जवळपास सारख्याच वेतनावर काम करणाऱ्या दोघांपैकी, दिवसभर बसून असणाऱ्या चालकाला हृदयविकार अधिक प्रमाणात होतो आणि कामाच्या एका दिवसात पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणाऱ्या वाहकाला कमी. ज्यांनी बेस्टच्या दुमजली गाडीच्या अरुंद जिन्यावरून तिकिटांची पेटी सावरीत वरखाली करणारा कंडक्टर पाहिला आहे, त्यांना या शोधाचे मर्म वेगळे समजावून द्यावे लागणार नाही.

पण मॉरिसची खरी थोरवी त्याने पुढे स्वतःच उभ्या केलेल्या शंकेत आहे. जे मुळातच स्थूल होते तेच चालकाच्या जागी गेले, असे तर नसेल? मग दोष बसण्याचा नसून माणसांच्या निवडीचा ठरेल. म्हणून त्याने गणवेशांच्या मापांचे दप्तर उघडले, आणि चालकांच्या विजारी कमरेला खरोखरच मोठ्या असल्याचे १९५६ साली प्रामाणिकपणे प्रसिद्ध केले. मात्र कंबर सारखी असलेल्यांत तुलना केली तरी हृदयविकाराचा फरक उरतच होता. आपल्या निष्कर्षाविरुद्धचा साक्षीदार आपणच शोधून आणावयाचा, हा धडा आजच्या संशोधक विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात गिरवावा लागतो.

विचारले तर काय उत्तर मिळते?

हालचाल मोजण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे विचारणे. गेल्या सात दिवसांत किती दिवस, किती मिनिटे, धाप लागेल असे काम केले, असे ठरावीक प्रश्न एका नमुन्यात छापलेले असतात आणि जगभर हेच नमुने निरनिराळ्या भाषांत वापरले जातात. अडचण अशी की, माणसाची स्मृती ही रोजनिशी नव्हे. गेल्या मंगळवारी किती वेळ चाललो हे कोणालाच आठवत नाही. आपण एरवी साधारण किती चालतो याचा अंदाज मनाशी बांधून तोच मंगळवार म्हणून सांगितला जातो. शिवाय विचारणाऱ्यापुढे आपण बरे दिसावे ही इच्छा प्रत्येकाला असते, आणि मुलाविषयी आईची जबानी घेतली तर ती इच्छा दुप्पट होते.

भाषेची अडचण त्याहूनही सूक्ष्म आहे, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. 'तुम्ही व्यायाम करता का?' असे विचारताच, पहाटे उठून पाणी भरणारी, चार मजले चढउतार करणारी, तीन घरची धुणीभांडी आणि लादी आटोपून स्वतःच्या घरी परतणारी बाई निःशंकपणे सांगते, 'नाही हो, व्यायामाला वेळ कुठे?' तिचे उत्तर तिच्या परीने अगदी खरे आहे, कारण मराठीत व्यायाम म्हणजे जोर, बैठका, आसने, किंवा अलीकडे जिम. परंतु तिला तक्त्यात 'निष्क्रिय' असे नोंदवणे हा धडधडीत प्रमाद होईल. म्हणून परभाषेतील प्रश्नावली मराठीत आणल्यावर ती दुसऱ्याच व्यक्तीकडून पुन्हा मूळ भाषेत उलटवून घेतात आणि मधल्या प्रवासात अर्थ कोठे सांडला ते पाहतात. 'मध्यम श्रम' हा शब्दही कोणाला नीट उमगत नाही. त्याऐवजी 'ज्या कामात बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही असे काम' म्हटले की आजीपासून नातवापर्यंत सर्वांना ते तत्काळ समजते.

कमरेवरची डबी

विचारण्याचे दोष टाळण्यासाठी यंत्र आले. आगपेटीहूनही लहान असे हे यंत्र पट्ट्याने कमरेला बांधतात. त्याला ॲक्सेलरोमीटर म्हणतात. मराठीत त्वरणमापक म्हणता येईल. त्याचे तत्त्व समजून घेण्यासाठी चर्चगेट लोकलच्या डब्यातील वरच्या दांड्याला टांगलेल्या कड्यांकडे पाहावे. गाडी एकाच वेगाने धावत असते तेव्हा त्या कड्या जवळजवळ स्थिर लोंबतात. मोटरमनने गाडी सोडली किंवा ब्रेक दाबला की त्या मागे किंवा पुढे झुकतात, आणि झटका जितका मोठा तितके त्यांचे झुकणे मोठे. डबीच्या पोटात अशीच एक अतिसूक्ष्म कडी असते. मूल पाऊल टाकते, उडी घेते, वळते, तेव्हा ती हलते आणि तिचे हलणे विद्युत्-संकेताच्या रूपाने नोंदले जाते. पुढे-मागे, डावी-उजवीकडे व वर-खाली अशा तीन दिशांनी, सेकंदाला तीस वेळा ही नोंद होते असे धरले, तर एका मुलाच्या एका आठवड्याच्या खात्यावर पाच कोटी चव्वेचाळीस लाखांहून अधिक आकडे जमा होतात. विद्यार्थ्याचा खरा घाम मैदानावर कमी आणि या आकड्यांपुढे अधिक गळतो.

त्या आकड्यांचे करावयाचे काय? त्यांची बेरीज करून ठरावीक कालखंडाचे तुकडे पाडतात. आणि तुकडा केवढा घ्यावा, हा क्षुल्लक वाटणारा निर्णय सारे चित्र पालटवू शकतो. कारण मुले प्रौढांसारखी सलग श्रम करीत नाहीत. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात सहा ते दहा वर्षांच्या मुलांचा जोरदार हालचालीचा झटका बहुधा तीनच सेकंदांचा असल्याचे दिसले. पंधरा सेकंदांहून लांब टिकणारे झटके फार थोडे होते. मूल धावते, थांबते, वाकून काहीतरी उचलते, भांडते, पुन्हा धावते. आता मिनिटामिनिटाचे तुकडे पाडले, तर ते तीन सेकंद उरलेल्या सत्तावन्न सेकंदांत विरघळून जातात. २६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. जो हिशेबनीस केवळ हंगामाची सरासरी सांगेल त्याच्या वहीत त्या दिवशीचा महापूर शोधूनही सापडणार नाही. मुलांचे महापूर सेकंदांचे असतात, म्हणून त्यांच्यासाठी तुकडे लहान घ्यावे लागतात.

यंत्रालाही मर्यादा आहेत. पोहताना ते बहुधा काढून ठेवतात, त्यामुळे तरण तलावात तासभर हातपाय मारणारे मूल त्या तासापुरते झोपलेले भासते. सायकल चालविताना पाय राबतात, कंबर स्थिर राहते. दप्तराचे ओझे यंत्राला कळत नाही. आणि पेशवे दुसऱ्या बाजीरावांच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ज्याला नवजीवन दिले त्या आपल्या मल्लखांबाचे काय? खांबावर देह तोलून स्तब्ध राहिलेल्या मुलाचा स्नायू न् स्नायू पेटलेला असतो, आणि डबी मात्र शून्याच्या जवळपास आकडा दाखविते. हे ज्याला ठाऊक नाही तो दादरच्या किंवा पार्ल्याच्या मल्लखांबपटूला आळशी ठरवून मोकळा होईल.

आणखी एक गोष्ट. डबी बांधल्याच्या पहिल्या दिवशी मूल उगाचच उड्या मारते. आपल्यावर कोणाचे तरी लक्ष आहे या जाणिवेने ते नेहमीपेक्षा जास्त धावते. तिसऱ्या दिवशी डबीचा विसर पडतो आणि खरे जीवन सुरू होते. म्हणून पुष्कळ संशोधक पहिला दिवस हिशेबातून वगळतात, आणि शनिवार-रविवार धरून आठवडाभर मापन चालवितात.

┌──────────────────────────────
चौकट : चार शब्दांचे अर्थ

शारीरिक हालचाल – स्नायूंनी घडविलेली, शक्ती खर्च करणारी कोणतीही हालचाल. शाळेत चालत जाणे, पाणी भरणे, नाचणे हे सारे यात येते.

व्यायाम – शरीर सुधारावे या हेतूने, आखून आणि पुनःपुन्हा केलेली हालचाल.

खेळ – नियम आणि चढाओढ असलेली क्रिया. यात हालचाल पुष्कळ असेल किंवा थोडी.

मेट – श्रम मोजण्याचे एकक. स्वस्थ बसलेल्या माणसाचा शक्तिव्यय म्हणजे एक मेट. तीन ते सहा मेट म्हणजे मध्यम श्रम, त्याच्या वर जोरदार श्रम. भराभर चालणे साधारण मध्यम श्रमात मोडते.
└──────────────────────────────

कोणत्या मुलाला मोजावे?

मोजण्याचे साधन कितीही अचूक असो, मूल चुकीचे निवडले तर सारे श्रम वाया जातात. १९७२ साली स्थापन झालेल्या प्रबोधन गोरेगाव या संस्थेच्या क्रीडाभवनाच्या दारात उभे राहून येणाऱ्या मुलांची हालचाल मोजली, तर गोरेगावची मुले अत्यंत चपळ आहेत असा निष्कर्ष निघेल, कारण जी आली नाहीत ती मोजलीच गेली नाहीत. लोकलच्या डब्यात उभे राहून 'आपण लोकलने प्रवास करता का?' असे विचारण्यासारखेच हे झाले. यासाठी शाळांची यादी घेऊन, त्यांच्या हजेरीपटांतून चिठ्ठ्या काढल्याप्रमाणे नावे निवडावी लागतात. आणि ज्याचे नाव निघाले तो मागच्या बाकावरचा, खेळाच्या तासाला कुशीत वही घेऊन बसणारा मुलगा असला तरी त्याचा पाठपुरावा करावा लागतो. किंबहुना तोच मुलगा संशोधनाला सर्वांत मोलाचा असतो.

मुलाच्या अंगाला काही बांधावयाचे तर पालकांचे लेखी संमतीपत्र लागते, आणि तेवढ्यावर भागत नाही. मुलाचाही होकार स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. आईवडिलांनी सही केली तरी मूल 'नको' म्हणाले की विषय संपला. हा नियम मला या साऱ्या व्यवस्थेतील अत्यंत सुंदर नियम वाटतो.

मुले खेळ का सोडतात?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी साठ मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल करावी. १४६ देशांतील शाळकरी मुलांच्या माहितीवरून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेत, अकरा ते सतरा वर्षे वयोगटातील शंभरांपैकी एक्क्याऐंशी मुले ही मर्यादा गाठत नसल्याचे निष्पन्न झाले. सडपातळ मुलांच्या पालकांनी यावर निश्चिंत राहण्याचे कारण नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली आपले छायाचित्र शेजारी शेजारी छापून दाखवून दिले की, उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे असूनही याज्ञिकांच्या देहातील चरबी युडकिन यांच्या दुपटीहून अधिक होती. भारतीय देह बारीक दिसतो म्हणून तो निरोगी आहे, असे वजनकाट्यावरून ठरविता येत नाही.

खेळ सुटण्याची कारणे शोधताना विद्यार्थ्यांच्या हाती प्रथम एक चमत्कारिक गोष्ट लागते. वयोगट ठरविताना एक तारीख नेमलेली असते. चौदा वर्षांखालील गटात त्या तारखेच्या लगेच नंतर जन्मलेला मुलगा आणि जवळजवळ वर्षभराने जन्मलेला मुलगा एकाच रांगेत उभे राहतात. बाराव्या वर्षी एका वर्षाचे अंतर म्हणजे आयुष्याचा बारावा हिस्सा. थोरला उंच असतो, चेंडू लांब फेकतो, आणि निवड समिती त्यालाच गुणवान समजून संघात घेते. मग त्याला अधिक सराव, अधिक सामने, अधिक शाबासकी मिळते आणि आरंभीचा जन्मतारखेचा फरक वर्षा-दोन वर्षांत खरोखरच्या कौशल्याचा होऊन बसतो. धाकटा 'मला येत नाही' अशी समजूत करून घेऊन घरी बसतो. कॅनडातील बर्फावरच्या हॉकीत ही गोष्ट १९८५ साली प्रथम ठळकपणे मांडली गेली, आणि त्यानंतर ती अनेक खेळांत आढळली.

मुलींची कथा याहून अधिक चटका लावणारी आहे. मुलींची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलांचा चौदाव्याच्या आसपास. त्या वाढीच्या मध्याभोवतीच्या दोनच वर्षांत, प्रौढपणी हाडांत जेवढे खनिज असते त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा साठविला जातो. आणि उड्या मारल्याने, धावल्याने, जमिनीवर पाय आपटल्याने हाडांना अधिक साठविण्याचा जणू हुकूम सुटतो. ही मुदतठेव आहे. पुढे पन्नाशीनंतर तीतून केवळ काढावयाचे असते, भरणा फारसा होत नाही. आणि नेमक्या याच दोन वर्षांत आपण मुलीला मैदानावरून घरी बोलावतो. पाळी सुरू झाली, मैदानावर धड स्वच्छतागृह नाही, अंधार लवकर पडतो, धाकट्या भावाला सांभाळावयाचे आहे, लोक पाहतात. कारणे प्रत्येक घरी थोडीफार निराळी असतात, परिणाम एकच. लंगडीत आणि खो-खोत ज्या मुली पाचवीपर्यंत मुलांना हार जात नव्हत्या, त्या आठवीत खेळाच्या तासाला भिंतीशी टेकून उभ्या दिसतात.

यावर 'मुलांना समजावून सांगा' हा उपाय पुष्कळदा सुचविला जातो. मानसशास्त्राचा अनुभव असा की, खेळ चांगला आहे हे बहुतेक मुलांना ठाऊक असते. समज आणि कृती यांच्यामध्ये एक मोठा ओढा आहे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन मानसशास्त्रज्ञांनी असे प्रतिपादिले आहे की, माणूस एखादी गोष्ट आपणहून करीत राहण्यासाठी तीन गरजा भागाव्या लागतात : आपण ती स्वतः निवडली आहे, आपल्याला ती जमते, आणि तीत आपली माणसे आहेत. डबा ऐसपैसमध्ये या तिन्ही फुकट मिळतात. ज्या सरावात मुलाने काय खेळावे हे वडील ठरवितात, जमले नाही की ओरडा बसतो आणि शेजारच्या मुलाशी बोलण्याची बंदी असते, तो सराव कितीही महागडा असला तरी मूल तो सोडण्याची संधी शोधीत राहते.

जागा

शेवटी प्रश्न जागेपाशी येतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा आहे. गोरेगावचे भाग्य असे की, पूर्वेस १९४९ साली वसू लागलेल्या आरे दुग्ध वसाहतीची झाडी आणि चढणीचा रस्ता आहे, जेथे पहाटे शेकडो माणसे चालावयास जातात. परंतु पश्चिमेच्या मुलाला तेथे जावयाचे तर आधी रेल्वेमार्ग आणि मग द्रुतगती महामार्ग ओलांडावा लागतो. दहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने हे अंतर कोसांचेच. त्याचे मैदान म्हणजे इमारतीचे पटांगण, आणि पटांगणात आता गाड्या उभ्या असतात. मोतीलालनगरसारख्या बैठ्या घरांच्या वस्तीत दार उघडले की मूल गल्लीत असते. चोविसाव्या मजल्यावरच्या मुलाला खाली यावयाचे तर कोणाची तरी परवानगी आणि सोबत लागते. म्हणून विद्यार्थी आता मुलाच्या घरापासून मैदानापर्यंतचे चालत जाण्याचे अंतर, वाटेतील रस्ते, दिवे आणि मैदानाचे फाटक कोणत्या वेळी उघडे असते याची नोंद नकाशावर करतात आणि ती डबीच्या आकड्यांशी जुळवून पाहतात. अशी जुळणी वस्तीगणिक झाली, तर खेळाच्या जागेविषयीची तक्रार पालिकेपुढे आकड्यांसह मांडता येईल.

असा एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी, गळ्यात ओळखपत्र आणि हातात संमतीपत्राचे कागद घेऊन, कधी तरी तुमच्या सोसायटीच्या फाटकापाशी उभी राहील. चौकीदाराला तिला परत पाठवू देऊ नका. कागद नीट वाचा, शंका विचारा, मुलाची इच्छा असेल तर आठवडाभर ती डबी त्याच्या कमरेला राहू द्या. आणि गेल्या सात दिवसांत मूल किती दिवस खेळले या प्रश्नाचे उत्तर शून्य असेल, तर कृपा करून शून्यच सांगा.